बारा बोरची काडतुसं घरी भरायची नसतात, जपायची असतात: खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या परवानाधारक शेतकऱ्यांसाठी

काडतुसांचे भाव चढले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: वाजलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या फेकायच्या कशाला? घरीच भरल्या तर पैसे वाचणार नाहीत का? परदेशात लोक असं करतात, त्याचे व्हिडिओ मोबाईलवर दिसतात, आणि रताळ्याच्या वाफ्यात रात्रीत डुकरं फिरून गेलेली असली की माणूस असा विचार करतोच. पैशांची अडचण खरी आहे. पण उत्तर नाही असंच आहे, आणि त्याची कारणं आधी नीट सांगतो. त्यानंतर पैसे खरोखर कुठे वाचतात ते क्रमाने सांगतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात जी काडतुसं वाया जातात, ती बहुतेक न वाजताच जातात. डब्यात कळकतात, माळ्यावर फुगतात, चामड्याच्या पट्ट्यात हिरवी पडतात. बंदुकीचंही तसंच: वापरून ती क्वचितच बिघडते, ठेवून ठेवून गंजते.

घरी का भरायची नाहीत

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्र किंवा दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे असतो तो बंदूक बाळगण्याचा आणि ठरावीक काडतुसं विकत घेण्याचा. पुंगळीत नवी टोपी (पिन आपटली की ठिणगी देते ती, प्रायमर) आणि दारू भरणं हे त्यात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. दोन-चार पाकिटांच्या बचतीसाठी कुणी हे ओढवून घेऊ नये. ‘कोडगूत तर परवानाच लागत नाही’ असं काही जण सांगतात. ती सूट कोडव समाज आणि जम्मा जमीनधारकांपुरती आहे, तीही बंदूक बाळगण्याच्या परवान्यातून सूट आहे, काडतुसं भरायची मुभा नव्हे. बेळगाव जिल्ह्याला ती लागू नाही.

दुसरं कारण दाबाचं. काडतुसात टोपी, दारू, बूच (दारू आणि छर्रे यांच्यामधलं) आणि छर्रे अशी चार अंगं असतात, आणि ती एकमेकांशी मोजूनमापून जुळवलेली असतात. साध्या 70 मिलिमीटरच्या बारा बोर काडतुसाला युरोपीय मानकाप्रमाणे 740 बारपर्यंत दाब चालतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या सातशे पटींहून अधिक. दारूची जात बदलली, माप थोडं चुकलं किंवा बूच सैल बसलं की तो दाब कुठे जाईल ते डोळ्यांनी कळत नाही. आणि आपल्याकडच्या बंदुका आजोबांच्या काळातल्या, नळ्या झिजलेल्या. नळी फाटते तेव्हा डावा हात तिच्याखालीच असतो.

फटाक्यांची दारू, सुरुंगाची दारू, काड्यापेटीचं गूल यांच्याबद्दल कुणी काही सुचवलं तर त्या माणसाला बंदुकीजवळ येऊ देऊ नका.

आधी परवाना उघडून वाचा

बऱ्याच घरांत परवाना कपाटात असतो आणि त्यात काय लिहिलंय ते म्हाताऱ्या माणसालाच माहीत असतं. चार गोष्टी बघा. मुदत: 2019 नंतर ती पाच वर्षांची आहे, नूतनीकरणाचा अर्ज संपायच्या दोन-तीन महिने आधीच टाका. युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक, आहे का. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतात. आणि क्षेत्र.

क्षेत्राचा रकाना सीमाभागात सगळ्यात महत्त्वाचा. कित्येकांचं घर बेळगाव तालुक्यात आणि रान महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आहे, किंवा निपाणीकडे घर आणि कागलकडे ऊस. परवाना कर्नाटकापुरता किंवा ठरावीक जमिनीपुरता असेल तर बंदूक घेऊन शिनोळी ओलांडणं हा परवान्याच्या अटींचा भंग होतो. चोर्ल्यातून गोव्याकडे जाण्याचंही तेच. पलीकडच्या रानासाठी वेगळी परवानगी मागावी लागते.

भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे आपली नोंदणी करायची असते. आमगाव, तळेवाडी, हेम्मडगा या बाजूच्या लोकांनी ही नोंद आपल्या नावावर आहे का ते वनखात्याच्या कार्यालयात जाऊन बघावं. कागदपत्रं कन्नडमध्ये, आपली जुनी कागदं मराठीत, आधार इंग्रजीत, यात नावाचं एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी नूतनीकरण अडतं. उतारा, आधार आणि परवाना यांवरची नावं आत्ताच जुळवून घ्या.

विकत घेताना

बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, किती लांबीचं आहे ते नळीच्या खालच्या बाजूला कोरलेलं असतं: 65, 70 किंवा 76 मिलिमीटर, किंवा इंचांत अडीच, पावणेतीन, तीन. काडतुसाच्या पाकिटावर लिहिलेली लांबी ही वाजल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची असते. त्यामुळे 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, आणि ते बसलं म्हणून चालतं असा गैरसमज होतो. वाजताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब एकदम वाढतो. कोरलेलं दिसत नसेल तर परवानाधारक गनस्मिथकडून मोजून घ्या.

आपल्याकडे बहुतेक काडतुसं खडकीच्या कारखान्याची येतात. तो 2021 पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. पाकिटावरचं वर्ष दुकानातच बघा. जुना साठा थोड्या कमी भावात मिळाला तरी आपल्या हवेत तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुंगळी प्लॅस्टिकची घ्या, कागदी नको. कागद दमट हवेत फुगतो, मग काडतूस चेंबरमध्ये जात नाही. आणि लागतील तेवढीच घ्या. परवान्यात बसतात म्हणून भरपूर घेऊन ठेवणं म्हणजे पुढच्या तीन पावसाळ्यांसाठी काळजी विकत घेणं.

काडतुसं ठेवायची कशी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात, म्हणून इथे जरा थांबतो.

जागा ठरवा. चुलीची खोली नको, तिथे धूर आणि उष्णता दोन्ही. पत्र्याखालचा किंवा कौलाखालचा पोटमाळा नको: एप्रिल-मेमध्ये तिथे तापतं, मृगात गारठतं, आणि तापण्या-गारठण्याच्या त्या खेळात डब्याच्या आत दव धरतं. खाली फरशीवर नको, ओल आलेल्या बाहेरच्या भिंतीला लागून नको. घराच्या मधल्या खोलीतलं कुलुपाचं कपाट, मधला कप्पा, ही उत्तम जागा. बंदुकीच्या कपाटात काडतुसं ठेवू नका. दोन्हींची कुलुपं आणि किल्ल्या वेगळ्या.

डबा घट्ट झाकणाचा, रबरी कडीचा, जाड प्लॅस्टिकचा चालतो. तो रिकामा असताना एक कोरडा दिवस बघून उन्हात वाळवून घ्या आणि गार होऊ द्या. काडतुसं मूळ पाकिटातच ठेवा. पाकिटावर खरेदीचा महिना आणि वर्ष पेनाने लिहा. त्याबरोबर सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारे दाणे मिळाले तर बरं: निळे असतात ते ओल शोषून गुलाबी होतात, नारिंगी असतात ते हिरवे होतात. रंग बदलला की नवी पुडी घाला. ओव्हन असेल तर साधारण 120 अंशांवर दोन तास ठेवून दाणे पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. तांदूळ घालून ठेवायची पद्धत मला पसंत नाही, त्याला किडे लागतात आणि कोंडा सगळीकडे पसरतो.

पावसाच्या दिवसांत डबा उघडायचा नाही. तरण्या पावसापासून म्हाताऱ्या पावसापर्यंत घाटमाथ्यावरच्या हवेत इतकी ओल असते की ‘जरा बघू’ म्हणून उघडलेल्या डब्यात तीच हवा कोंडली जाते. लागतील तेवढी काडतुसं उघडीप असताना काढून दुसऱ्या लहान डब्यात ठेवा.

काडतुसाला तेल लावू नका. पितळ चमकावं म्हणून तेलाचा बोळा फिरवणारे पुष्कळ आहेत. पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि टोपी मरते. बंदुकीच्या तेलाची बाटलीही त्या कपाटात नको. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं शेतावर न्यायला हरकत नाही, पण परत आल्यावर लगेच काढून ठेवा. चामडं कमावण्याची रसायनं आणि ओल मिळून पितळावर हिरवा कळंक चढतो.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळी काडतुसं एकदा बघा. पितळ नुसतं काळपट झालेलं असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसा, काही बिघडलेलं नाही. टोपीभोवती हिरवं साचलेलं असेल, पितळाला खड्डे पडले असतील, पुंगळी फुगली असेल, तोंडाची घडी सुटली असेल किंवा हलवल्यावर छर्रे सैल वाजत असतील, तर ते काडतूस बाजूला. फुगलेलं काडतूस घासून बारीक करणं, ओलं काडतूस चुलीच्या उबेला किंवा उन्हात वाळवणं हे कुणीही करू नये. वापरताना नेहमी सगळ्यात जुनी आधी.

एक वही ठेवा: तारीख, किती घेतली, किती वाजली, कुठे, किती उरली, किती खराब. पोलीस तपासणीला आले किंवा नूतनीकरणाला चौकशी झाली तर ही वहीच तुमच्या बाजूने बोलते. आणि दोन वर्षांनी ती चाळली की नेमकी कुठे काडतुसं वाया जातात ते दिसतं.

बंदूक साफ करण्याचा क्रम

पहिलं काम, बंदूक मोडून म्हणजे मधून उघडून दोन्ही चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मुलं बाहेर. हे झाल्याशिवाय पुढचं काही नाही, आणि ‘रिकामीच आहे’ हे दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून मानायचं नाही.

मग पुढचं लाकूड काढा, नळ्या वेगळ्या करा. गज लाकडी किंवा पितळी हवा. लोखंडी सळईने नळीच्या आत ओरखडे पडतात आणि त्यातच पुढे गंज बसतो. गज नेहमी चेंबरच्या बाजूने घालायचा. नळी साफ करायच्या द्रवात भिजवलेलं फडकं आधी फिरवा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. त्यानंतर बारा बोरचा कांस्याचा ब्रश आरपार, आठ-दहा वेळा. अर्ध्या नळीत ब्रशची दिशा उलटवू नका. मग कोरडी फडकी, शेवटचं पांढरं बाहेर येईपर्यंत. प्लॅस्टिकच्या बुचाचे पट्टे चेंबरच्या पुढे आणि तोंडाजवळ चोकमध्ये, म्हणजे नळी अरुंद होते तिथे, चिकटलेले असतात, तिथे ब्रश जास्त फिरवावा लागतो.

आता नळी उजेडाकडे धरून आत बघा. आतलं प्रकाशाचं वर्तुळ सगळीकडे गोल दिसलं पाहिजे. कुठे सावली तुटलेली, चपटी दिसली तर तिथे पोचा आहे. पोचा पडलेली किंवा फुगीर झालेली नळी गनस्मिथने बघेपर्यंत वाजवायची नाही.

शेवटी हलक्या तेलाचं एक फडकं. गन ऑइल नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल तेल नको: थंडीत ते थिजतं, नंतर चिकट होऊन घोड्याच्या स्प्रिंगा आखडतात. आणि शेतावर नेण्याआधी नळी आणि चेंबर कोरड्या फडक्याने पुसायचं विसरू नका, चेंबरमध्ये तेल राहिलं तर बंदुकीच्या मागच्या भागावर जास्त ताण येतो.

एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ओढणाऱ्या पट्टीच्या) खाली आणि फायरिंग पिनच्या भोकांभोवती जुना दातांचा ब्रश फिरवा. बिजागरीच्या पिनला ग्रीसचा नुसता हात. बाहेरून तेलकट फडकं, आणि त्यानंतर पोलादाला उघड्या बोटांनी हात लावू नका, घामातलं मीठ दुसऱ्या दिवशी बोटांचे गंजके ठसे होऊन दिसतं. लाकडाला अळशीचं तेल, चार थेंब, तळहाताने चोळून. अळशीच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. अंगणात सुटी पसरून वाळवा.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. काळ्या दारूची राख ही क्षार असते, ती हवेतली ओल ओढते आणि तेलाने निघत नाही. नुसतं तेल लावलं तर खाली गंज चालूच राहतो. त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्याने नळी धुवा, कढत पाण्याने खळबळा म्हणजे नळी तापून लवकर वाळते, कोरडी करा आणि मगच तेल. यात ‘उद्या बघू’ चालत नाही.

पावसात भिजलेली बंदूक गवसणीत कधीही घालू नये. पुसा, नळ्या वेगळ्या करून पंख्याखाली ठेवा, जाळाजवळ नको. तेल लावा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघा, कारण फटीतलं पाणी सावकाश बाहेर येतं. कायमची ठेवतानाही गवसणी नको. कुलुपाच्या कपाटात, घडी घातलेल्या फडक्यावर नळीचं तोंड खाली करून ठेवली की जास्तीचं तेल लाकडात उतरत नाही. मृगापासून हस्तापर्यंत पंधरा दिवसांनी एकदा तेलकट फडकं फिरवा.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा आपल्या घरांत होते आणि ती व्हावीच. पण ओलं हळदकुंकू आणि झेंडूची फुलं रात्रभर नळीवर राहिली की खाली डाग पडतो. आरती झाली की संध्याकाळीच फुलं उतरवा, पुसा, तेल लावा. कुंकू कागदावर किंवा लाकडी दस्त्यावर लावलं तर आणखी बरं.

शेतावर

काडतूस घालण्याआधी दर वेळी नळीतून आरपार बघा. कुंभारीण माशी उभ्या ठेवलेल्या नळीत मातीचं घर करते. बांधावरून उतरताना तोंडात चिखल जातो. अडलेल्या नळीतून बार काढला की नळी फाटते.

वीस बोरचं काडतूस घरात असेल तर ते बारा बोरच्या डब्यात कधीही मिसळू देऊ नका. ते नळीत पुढे सरकून अडकतं, मागून बाराचं बसतं, आणि मग काय होतं ते सांगायला नको. वीसच्या पुंगळ्या म्हणूनच पिवळ्या करतात.

चाप ओढला आणि वाजलं नाही, तर नळीचं तोंड सुरक्षित बाजूला धरून सावकाश तीस आकडे मोजा, मग उघडा. टोपीवरचा खड्डा बघा. खोल असेल तर काडतूस खराब. उथळ असेल तर पिन किंवा स्प्रिंग कमजोर, दोष बंदुकीचा. एकाच नळीत पुन्हापुन्हा असं होत असेल तरी दोष बंदुकीचाच, उगाच चांगली काडतुसं बदनाम करून टाकू नका. बार झाला पण आवाज दबका आला, फुसका वाटला, तर दुसरं काडतूस घालायचं नाही. बंदूक रिकामी करून नळीत बूच अडकलंय का ते बघायचं.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहे, गवा अनुसूची एकमध्ये, म्हणजे दोन्ही कायद्याने संरक्षित. पिकासाठीसुद्धा डुकरावर बार टाकायचा तर कलम 11 खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात हवी. नुकसान झालं की वाफ्याचे फोटो काढा, उतारा जोडा आणि लगेच परिक्षेत्र वन कार्यालयात भरपाईचा अर्ज द्या. रताळी, भात, ऊस यांच्यासाठी सौर कुंपण काडतुसांपेक्षा जास्त रात्री सांभाळतं. मात्र घरच्या लाइनची वीज तारेत सोडायची नाही, त्यात जनावराआधी माणूस मरतो. आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खराब काडतुसं, दुरुस्ती आणि जमा करणं

बाजूला काढलेली काडतुसं विहिरीत टाकू नका, पुरू नका, जाळू नका, उघडून दारू सांडू नका. वहीत नोंद करून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या.

सफाई घरी करायची, दुरुस्ती नाही. पिन बदलणं, सैल सांधा घट्ट करणं, पोचा काढणं यालाही कायद्याने परवाना लागतो. उघडलेली बंदूक पुन्हा बंद करून उजेडासमोर धरल्यावर सांध्यातून प्रकाशाची फट दिसत असेल तर ते गनस्मिथचंच काम.

निवडणुका आल्या की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि महिना-दोन महिने तिथे पडून राहतात. नेण्याआधी पूर्ण साफ करा, नळीत आणि बाहेर नेहमीपेक्षा जाड तेल लावा. नंबर, नळ्यांची स्थिती आणि काडतुसांची संख्या पावतीवर लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा. परत आणल्यावर त्याच दिवशी उघडून साफ करा.

घरातला परवानाधारक वारला तर बंदूक ‘बाबांची आठवण’ म्हणून ठेवता येत नाही. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. 2016 च्या नियमांप्रमाणे यासाठी मृत्यूपर्यंत थांबायची गरजही नाही. परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र 25 वर्षं बाळगलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. म्हातारं माणूस कार्यालयात स्वतः येऊन सही करू शकतंय तोवरच हे काम उरकून घ्या.